किल्लारीच्या भूकंपात तुटलेलं नातं डीएनए तपासणीनं ठरवता येतं का?

तेरणाकाठची

नमस्कार मंडळी. मी लातूरला राहते, शाळेत शिकवते. प्रश्न माझा स्वतःचा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात माझे आईवडील गेले, असं मला कळायला लागल्यापासून सांगितलं गेलं. मला कोणत्या गावातून, कोणी बाहेर काढलं याची खात्रीची नोंद नाही. ज्या संस्थेत मी वाढले तिथल्या रजिस्टरात "मुलगी, वय अंदाजे दीड वर्ष, नाव माहीत नाही" एवढंच आहे. गावाच्या रकान्यात एक नाव लिहून खोडलेलं आहे, ते भिंग लावूनही वाचता येत नाही. मला कोणी दत्तक घेतलं नाही. शिक्षण, लग्न सगळं संस्थेतूनच झालं.

गेल्या वर्षी सासरच्या ओळखीतून उमरगा तालुक्यातल्या एका घराशी गाठ पडली. तिथल्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांची लेक आणि जावई भूकंपात गेले. दीड वर्षाची नात ना जिवंत सापडली ना मेलेली. थोरला नातू त्या रात्री आजोळी होता म्हणून वाचला. आजींनी माझ्या पोटरीवरचा भाजल्याचा डाग पाहिला आणि मला मिठीच मारली. पोरगी चुलीतल्या निखाऱ्यावर पाय देऊन पडली होती म्हणे. त्यांच्या लेखी विषय संपला. आजींच्या मुलाला, म्हणजे मामांनाही पटलंय. दादा, म्हणजे तो थोरला नातू, मात्र गप्प असतात, आणि वहिनींनी एकदा तोंडावर विचारलं, "इतक्या वर्षांनी आत्ताच कसं काय आलात?"

मला वहिनींचा राग येत नाही. मलाच खात्री हवी आहे. आजी म्हणतात ते खरं असेल तर माझ्यासारखी भाग्याची मीच. पण नसेल, तर कोणा दुसऱ्या लेकराची जागा अडवून बसायचं मला जमणार नाही.

आईवडील दोघंही नसताना डीएनएवरून नातं ठरतं का? नमुने कोणाकोणाचे लागतील? आणखी एक. त्या घरातलं लग्न आतेभाऊ-मामेबहिणीतलं होतं, म्हणजे आजींची लेक तिच्या आत्याच्याच घरी दिलेली होती. त्यानं काही फरक पडतो का?

सास्तूरचा_म्हातारा

ताई, तुमचं वाचून डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोकं दमून निजलेली. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली, आन् दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती वरच्या माळवदासकट अंगावर आल्या. दहा हजाराच्या आसपास माणूस गेलं. पाऊस चालू होता. देह ठेवायला जागा न्हाई, ओळखायला माणूस न्हाई. एकेका सरणावर घरंच्या घरं ठेवली आम्ही. नावं लिहून घ्यायची कुणाला सुधरत होती?

लेकरांचंही तसंच झालं. कुणी सोलापूरच्या दवाखान्यात, कुणी लातूरला, कुणी थेट पुण्याला. जो उचलून नेईल तो सांगंल ते गाव. म्हणून तुमच्या रजिस्टरात गाव खोडलेलं असंल तर नवल न्हाई.

एक सांगतो, वाईट वाटून घिऊ नका. डागावर जाऊ नका. चुलीपाशी रांगणारं पोर भाजणारच, आमच्या आळीत दोन पोरी तशा होत्या. आजी खोटं बोलत न्हाईत, पण जिवाला जे पाहिजे असतं तेच डोळ्यांना दिसतं. तपासणी कराच.

रेणूमास्तर

मूळचा नांदेडचा, आता हैदराबादला. रेणुजीवशास्त्र हेच काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी सरळ उत्तर: हो, ठरतं. पण आई-मूल किंवा बाप-मूल तपासणीत अहवालाच्या शेवटी जसा "हो" किंवा "नाही" येतो, तसा आजी-नात किंवा भाऊ-बहीण तपासणीत आपोआप येत नाही. कारण समजून घ्या. नेहमीच्या तपासणीत डीएनएवरच्या वीस-चोवीस ठरावीक जागा बघतात. त्या जागांवर एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो आणि तो किती वेळा आला हे माणसामाणसांत वेगळं असतं. प्रत्येक जागी एक आकडा आईकडून येतो, एक बापाकडून. त्यामुळे खरा बाप असेल तर प्रत्येक जागी त्याचा एक आकडा मुलात दिसलाच पाहिजे. एखाद्या जागी उत्परिवर्तनामुळे (डीएनएत आपोआप झालेल्या बदलामुळे) चुकू शकतो, पण तीन-चार जागी जुळला नाही तर तो बाप नव्हे. म्हणून तिथे ९९.९९ टक्के असं ठणकावून लिहिता येतं.

आजीचं तसं नाही. तिच्यातलं अर्धं तिच्या लेकीत, आणि त्यातलं साधारण अर्धं नातीत. म्हणजे पाव हिस्सा, तोही सरासरीनं. पत्ते पिसून वाटावेत तसं हे वाटप असतं, कोणाला कोणती पानं येतील हे आधी सांगता येत नाही. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मं सारखं असतं, पण ते चाळीस टक्क्यांच्या खालीही जातं आणि साठच्या वरही. वीस-चोवीस जागांवर हे तोलायला गेलं तर कधीकधी काटा मध्येच थांबतो आणि अहवालात "निष्कर्ष काढता येत नाही" असं येतं. लोक तिथेच खचतात. वास्तविक दोष नात्याचा नसतो, विचारलेला प्रश्न त्या साधनाला पेलणारा नसतो.

तुमचं नशीब असं, की हयात आजी आईची आई आहे. पेशीत केंद्रकाबाहेर मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, आणि तो फक्त आईकडून मुलांकडे जातो. आजी, तिची लेक, तिचा मुलगा म्हणजे तुमचे मामा, लेकीची मुलं म्हणजे दादा आणि (तुम्ही खरोखर त्या घरच्या असाल तर) तुम्ही, सगळ्यांचा हा डीएनए एकच. त्यात १६,५६९ अक्षरं असतात. प्रयोगशाळेला ती पूर्ण वाचायला सांगा, तुकडा नको. नुसता मातृवंशाचा गट जुळला यात काही अर्थ नाही, कारण भारतात निम्म्याहून जास्त लोक 'एम' नावाच्या एकाच मोठ्या गटात मोडतात. पूर्ण वाचून ठळक फरक निघाले, तर आईकडून नातं नाही असं जवळपास खात्रीनं म्हणता येतं. जुळलं, तर दार उघडलं एवढंच. घरात शिरायला बाकीचा डीएनए लागतो.

आता आते-मामे लग्नाचा मुद्दा. तुम्ही तो विचारलात हे फार चांगलं केलंत, कारण आपल्याकडचे लोक हे सांगायचं विसरतात आणि बाहेरच्या राज्यातली प्रयोगशाळा विचारत नाही. मामा-भाचीत सरासरी २५ टक्के डीएनए सारखा असतो. पण तुमच्या मामांचे वडील आणि तुमच्या वडिलांची आई हे बहीण-भाऊ. म्हणजे मामा हे तुमच्या वडिलांचे मामेभाऊही झाले. त्या वाटेनं आणखी ६.२५ टक्के येतात. अपेक्षा ३१ टक्क्यांच्या पुढे जाते. दादांचं गणितही असंच थोडं वर सरकतं. हे न सांगता नमुने दिले तर हिशेब करणारा साध्या घराचं सूत्र लावेल आणि अहवालात नातं भलतंच दिसेल. नमुन्यासोबत वंशावळ काढून द्या. कागदावर, हातानं काढलेली चालेल, पण कोण कोणाची आत्या हे त्यात दिसलं पाहिजे.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. आजींचा नमुना आधी घ्या. बाकी सगळे थांबू शकतात.

परळीचा_पोरगा

परदेशी कंपन्यांचे घरी मागवायचे किट असतात ना, त्यात थुंकी भरून पाठवली की नातेवाईकांची यादीच येते. ते सोपं नाही का?

रेणूमास्तर

त्या संचांची ताकद त्यांच्या साठ्यात असते. अमेरिकेत लाखो लोकांनी नमुने दिलेत म्हणून तिथल्या माणसाला चुलत-मावस भावंडं सापडतात. उमरगा-औशाच्या किती लोकांनी दिले असतील? शिवाय २०२३ मध्ये अशा एका मोठ्या कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत निघाली. ताईंना अनोळखी नातेवाईक शोधायचे नाहीत, समोरची माणसं आपली आहेत का एवढंच बघायचंय.

त्यांची पद्धत मात्र उपयोगाची आहे. त्यात वीस-चोवीस जागांऐवजी सहा-सात लाख जागा बघतात. आपल्याकडच्या काही खासगी प्रयोगशाळाही हे करतात. सख्खा भाऊ, मावसभाऊ की कोणीच नाही, हा फरक त्यात स्वच्छ दिसतो. ताई, विचारताना "भावंड तपासणी लाखो जागांवर करता का, आणि घरातलं लग्न हिशेबात धरता का" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर फोन ठेवून द्या.

बालाघाट

धाग्याला फाटा फोडतोय, माफ करा. पण डीएनए म्हटलं की आमच्याकडं दुसरंच ऐकू येतं.

माझ्या नात्यातली एक पोरगी. नवरा टोळीसंगं कर्नाटकात ऊसतोडीला गेला, ही पोटुशी म्हणून मागं राहिली. पाडव्याला माणूस परत आला तर सासूनं कान भरलेले. लेकरू आमचं न्हाई, डीएनए करा, न्हाईतर पोरीला घिऊन जा. पारावर बैठक बसली. चार माणसं मिशीवर ताव देऊन सांगायली की आता सायन्स आलंय, दूध का दूध होऊन जाईल. ती पोरगी उभी राहून म्हणाली, आत्ता चला, मी भीत न्हाई. खरं सांगतो, तिचं तोंड बघवत नव्हतं. बाईनं भर बैठकीत लेकराला पुढं करायचं, आन् पुरुषानं फक्त संशय घ्यायचा. खावटीचा दावा टाकला की लगेच समोरून डीएनएचा अर्ज येतो, हे आता ठरूनच गेल्यालं हाय. असा अर्ज आला की कोर्ट हुकूम देतंच का?

पायरीवरचा_वकील

देत नाही. हे सगळ्यांनी नीट वाचा, कारण गावोगाव हाच गैरसमज आहे.

लग्न कायदेशीर असेल आणि मूल त्या काळात, किंवा लग्न संपल्यावर आईनं पुन्हा लग्न केलेलं नसताना २८० दिवसांत जन्मलं असेल, तर ते त्या नवऱ्याचंच असं कायदा धरून चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ११२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम ११६ झालं. हे खोडायला नवऱ्याला दाखवावं लागतं की त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं. "मी कर्नाटकात होतो" एवढं पुरत नाही. मध्ये सणाला आलास का, ती तिकडे गेली का, हे सगळं निघतं.

१९९३ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी तपासणी उठसूट मागता येणार नाही आणि कोणावर नमुना देण्याची सक्ती करता येणार नाही. पुढे जानेवारी २०१४ मध्ये असं प्रकरण आलं की तपासणी आधीच झालेली होती, बाप नाही असं दोनदा निघालं होतं. तिथे न्यायालयानं विज्ञानाला कायद्याच्या गृहीतकापेक्षा वर ठेवलं आणि पोटगीतून नवऱ्याला सोडवलं. लोक एवढाच निकाल घेऊन फिरतात. फेब्रुवारी २०२३ चा निकाल कोणी सांगत नाही. बायकोचे बाहेर संबंध आहेत हे सिद्ध करायला लेकराला हत्यार म्हणून वापरता येणार नाही, लेकराला स्वतःच्या ओळखीचा आणि खासगीपणाचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट आहे.

हट्टानं हुकूम मिळालाच नाही असंही नाही. नारायण दत्त तिवारींचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. पण तिथे मागणारा स्वतः मुलगा होता, मोठा झालेला, आणि बाप नाकारत होता. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून त्यांना देहरादूनच्या घरी रक्त द्यावं लागलं आणि ते बाप असल्याचं निघालं. मूल स्वतःचा बाप शोधतंय आणि बाप मूल झटकतोय, या दोन गोष्टी कायदा एका मापानं मोजत नाही, आणि मोजूही नये.

पारावरच्या बैठकीला तर असलं काही मागायचा अधिकारच नाही. त्या मुलीला सांगा, खावटीचा अर्ज चालू ठेव आणि पारावर कोणाला नमुना देऊ नको.

तेरणाकाठच्या ताईंचं प्रकरण यापेक्षा कितीतरी सोपं आहे. सगळं राजीखुशीनं आहे. त्याबद्दल उद्या लिहितो.

बालाघाट

आभार वकीलसाहेब. हे तिला आजच वाचून दाखवतो.

औशाची_सुमन

मी सामाजिक संस्थेत समुपदेशनाचं काम करते. ताई, मास्तरांनी विज्ञान छान सांगितलं, मी घरातलं सांगते.

आजींना तपासणीबद्दल कसं विचारणार? "तुमचं म्हणणं खरं आहे का ते बघायचंय" असं त्यांच्या कानावर गेलं तर त्या आतून मोडतील. त्यांनी तुम्हाला ओळखलंय, त्यांच्या दृष्टीनं तीच शेवटची तपासणी. "आजी, मला माझी आई कागदावर पाहिजे" असं म्हणून बघा. ते खरंही आहे. आणि त्यांची समज शाबूत असेल तर होकार त्यांनी स्वतः द्यायचा, मामांनी त्यांच्या वतीनं नाही.

दुसरं. जितकी जास्त माणसं नमुने देतील तितकं गणित पक्कं, हे बरोबर. पण मामा आणि दादा दोघांचेही नमुने घेतले की त्यांची आपसातली नातीही उघडी पडतात. एखाद्या घरात कोणाला माहीत नसलेलं काही असतं. प्रयोगशाळेला आधीच लेखी सांगा, की माझं आणि त्यांचं नातं एवढंच कळवा, बाकी काही निघालं तर सांगू नका. आणि हे सगळ्यांसमोर बोला.

तिसरं, "नाही" आलं तर त्या घरी पुढच्या रविवारी जाणार की नाही, हे आजच ठरवा. अहवाल हातात आल्यावर ते ठरवता येत नाही.

तेरणाकाठची

सुमनताई, तिसरा प्रश्न वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. जाणार. नातं निघो न निघो, आजींकडे जाणार. हे मी ह्यांनाही सांगितलं.

वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. वहिनींची भीती जमिनीची आहे हे आता कळलं. वडिलांच्या नावावरची (म्हणजे दादांच्या वडिलांच्या) कोरडवाहू जमीन आहे आणि पुनर्वसनातलं घर. मला त्यातलं काहीही नको. तपासणीच्या आधीच हक्कसोडपत्र लिहून दिलं तर? मग त्यांचं मन मोकळं होईल.

पायरीवरचा_वकील

नको. ताई, अजिबात नको.

ज्याचा हक्क अजून ठरलेलाच नाही त्याचं सोडपत्र कसलं करणार? दुय्यम निबंधकाकडे तुम्ही "मी अमक्याची मुलगी" असं लिहून सही करणार, आणि उद्या तपासणीत तसं नाही निघालं तर तो कागद तुमच्याच गळ्यात. आणि तसं निघालं, तर स्वतःचा बाप सापडण्याच्या आधीच तुम्ही त्याची वारस म्हणून मिटलेल्या असाल.

हक्क काय असेल तेही सांगतो. १९५६ च्या कायद्यानुसार मुलगी बापाची पहिल्या वर्गाची वारस आहेच. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीनं ती मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार झाली, आणि त्यासाठी बाप त्या वेळी हयात असायची गरज नाही हे ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानं पक्कं झालं. तुम्हाला कोणी दत्तक दिलेलं नाही, म्हणून जन्मघराशी कायदेशीर संबंध तुटलेला नाही. पण नुसता डीएनए अहवाल घेऊन तलाठ्याकडे गेलात तर वारस नोंद होणार नाही. घरच्यांची संमती नसेल तर दिवाणी न्यायालयात मी अमक्याची मुलगी आहे अशी घोषणा मागावी लागते. त्यामुळे वहिनींना आज रात्री घाबरायचं काही कारण नाही.

औशाची_सुमन

वकीलसाहेब, कायद्यानं तुमचं बरोबर असेल. पण आपल्याकडं पोरींना सोडपत्राशिवाय माहेर राहत नाही हे तुम्हीही रोज बघता. ताईंना जमीन नकोय आणि भाऊ पाहिजे. मग आधी मन जुळू द्या.

पायरीवरचा_वकील

रोज बघतो म्हणूनच सांगतोय, सुमनताई. सही करून माहेर टिकलं असं मी फार कमी पाहिलंय. सही झाल्यावर दिवाळीची साडी बंद झाली असंच जास्त. ताईंना काही द्यायचं असेल तर नातं ठरल्यावर, विचार करून, स्वतंत्र वकिलाला विचारून द्यावं. आत्ता दादांना तोंडी आणि मोकळेपणानं सांगावं, की मी जमिनीसाठी येत नाही. माणूस चांगला असेल तर तेवढं पुरतं.

नमुन्याबद्दल. सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा कोर्टाच्या किंवा पोलिसांच्या मार्फत आलेलंच घेतात, तुम्ही थेट जाऊन उपयोग नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा बघा, आणि ती मान्यता डीएनएच्याच कामाला आहे ना हे कागदावर तपासा. घरी स्वतः कापूस फिरवून कुरियरनं पाठवलेला नमुना मनाच्या समाधानाला ठीक, पण पुढे कधी तो पुढं करायची वेळ आली तर समोरचा पहिलाच प्रश्न विचारेल, हा नमुना त्याच माणसाचा कशावरून? म्हणून त्यांच्या माणसासमोर द्या. आधार, फोटो, अंगठा, दोन साक्षीदारांच्या सह्या, पाकिटावर लाखेचं नाहीतर चिकटपट्टीचं सील. हे एकदाच नीट केलं की पुन्हा आजींना त्रास नाही.

आणि आजींचं म्हणणंही लिहून ठेवा. लेकीचं नाव, जन्मगाव, लग्न कधी, नात कोणत्या महिन्यातली, निखाऱ्याची हकीकत. त्यांच्याच शब्दांत, वाचून दाखवून, नोटरीसमोर. घरातल्या जाणत्या माणसाचं नात्याबद्दलचं बोलणं न्यायालयात विचारात घेतलं जातं.

रेणूमास्तर

वकीलसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पूर्ण दुजोरा, आणि आजींचा नमुना आधी का म्हणालो तेही सांगतो.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. हजारो तरुण माणसं गायब केली गेली, आणि त्यांची तान्ही मुलं परक्या घरांत वाढवली गेली. त्या मुलांच्या आज्या एकत्र आल्या. आईबाप नाहीत, मग नातवंड ओळखायचं कसं, हा ताईंचाच प्रश्न त्यांनी शास्त्रज्ञांना विचारला. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ त्यांच्यासाठी काम करायला लागल्या, आणि आईकडच्या मायटोकॉन्ड्रियाचा उपयोग नातं ओळखायला त्यातूनच पुढे आला. १९८७ मध्ये तिथे कायद्यानं राष्ट्रीय जनुक पेढी उभी राहिली. आज्यांनी स्वतःचं रक्त तिथे ठेवलं, आपण गेल्यावर नातवंड आलं तर जुळवता यावं म्हणून. आजवर १३० हून जास्त नातवंडं अशी सापडली आहेत, त्यातली कितीतरी आजी गेल्यानंतर.

किल्लारीच्या वेळी आपल्याकडे हे तंत्र नव्हतं असं नाही. इथे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणुजीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभं केलं होतं, केरळातल्या पितृत्वाच्या एका खटल्यात ते वापरलंही गेलं होतं. पण इतक्या मोठ्या आपत्तीत वापरावं अशी व्यवस्था नव्हती. सरणावर गेलेल्यांचा डीएनए आता मिळणार नाही, राखेत तो उरत नाही. तुमच्या आईचं जे काही शिल्लक आहे ते आजींत, मामांत आणि दादांत आहे.

म्हणून प्रयोगशाळेला सांगा, आजींच्या रक्ताचे थेंब खास कागदावर वाळवून एक संच आम्हाला द्या. तो कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतो. दादा आज तयार नसतील तर नसू देत. पाच वर्षांनी तयार झाले तरी आजी हिशेबात असतील.

सास्तूरचा_म्हातारा

मास्तर, आमच्याकडं अजून अशी म्हातारी माणसं हाईत ज्यांची लेकरं यादीत ना मेल्यात ना जित्यात. त्यांचेही असे कागद करून ठेवता येतील का? पैसे कुणी दिले तर मी गावोगाव फिरून माणसं गोळा करतो.

रेणूमास्तर

येतील, काका. पण ते एकट्यादुकट्याचं काम नाही. संमती कोण घेणार, नमुने कोणाच्या ताब्यात राहणार, त्यातून दुसरं काही शोधायचं नाही याची हमी कोण देणार, हे आधी ठरलं पाहिजे. डीएनए वापरावर नियंत्रण ठेवणारं एक विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, ते २०२३ मध्ये सरकारनं मागे घेतलं. त्यामुळे त्याचा असा वेगळा कायदा आज नाही. तुम्ही गावांची यादी करायला घ्या, वकीलसाहेब आणि मी मिळून संमतीचा मसुदा करतो. सुमनताईंनीही त्यात असावं.

औशाची_सुमन

मी आहे.

पायरीवरचा_वकील

मीही. काका, यादीत फक्त गाव, वय आणि हरवलेल्या लेकराचं आईकडचं की वडिलांकडचं माणूस हयात आहे एवढंच लिहा. नावं इथे टाकू नका, निरोपातून पाठवा.

तेरणाकाठची

मंडळी, काल उमरग्याला जाऊन आले. सुमनताई, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. आजी म्हणाल्या, "तुझी माय कागदावर येत आसंल तर माझं सगळं रगत घे." मामा लगेच तयार झाले. दादांना मी मळ्यात गाठून एकटीनंच सांगितलं, की जमिनीसाठी आलेली नाही, आणि तुम्ही नमुना नाही दिला तरी मी रागावणार नाही. ते म्हणाले, आधी आजीचं होऊ दे. वहिनी चहा घेऊन आल्या आणि बसल्या आमच्यात. एवढं झालं.

वंशावळ मामांनी सांगितली, मी काढली. आत्या, मामा, सगळं रेघांनी जोडलंय. प्रयोगशाळेचा माणूस मंगळवारी घरी येणार आहे. घरातलं लग्न हिशेबात धरता का असं विचारल्यावर त्यांनी वंशावळ आधीच मागून घेतली, म्हणून तीच ठरवली.

मास्तर, एक शेवटचं. आजी दिवसातून चारदा मिश्री लावतात, आणि तोंड कायम कोरडं असतं. गालातून नमुना घेतला तर चालेल ना?

रेणूमास्तर

मिश्रीनं डीएनए बदलत नाही, पण तपासणीच्या रसायनांना ती आडवी येऊ शकते. त्या दिवशी सकाळी लावू देऊ नका. तासभर आधी काही खायचं-प्यायचं नाही, नंतर साध्या पाण्यानं दोन-तीन चुळा, आणि मग अर्धा तास थांबायचं. कापसाची काडी गालाच्या आतून दोन्ही बाजूंनी जरा दाबून फिरवायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालायची नाही. पाकीट कागदी पाहिजे, प्लास्टिकमध्ये ओल राहून नमुना खराब होतो. तोंड कोरडंच राहिलं तर बोटाला टोचून रक्ताचे थेंब घ्यायला सांगा. त्यांना अलीकडे कधी रक्त चढवलं असेल तर तेही त्या माणसाला आधी सांगा.

आणि मामांचा नमुना त्याच दिवशी, पण वेगळ्या पाकिटात, आजींच्या काडीला लागलेले हातमोजे बदलून.